मीठ-भाताचं पथ्य

पहिलं मूल गेलं तेव्हा बुआवानच्या माथी दोन दोष आले. एक तिच्या आईनं दिला, दुसरा दवाखान्यातल्या नर्सबाईनं. आई म्हणाली, पथ्य मोडलंस म्हणून गेला. नर्सबाई म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून पोराच्या तोंडात चावलेला भात कोंबलात म्हणून गेला. कुणी शहाणं माणूस म्हणेल, दोघींपैकी एकीचंच खरं असणार. पण मूल पुरून आलेल्या बाईला कुठलं आलंय शहाणपण? तिनं दोन्ही दोष मुकाट्यानं घेतले.

पथ्य तिनं मोडलं होतं हे काही खोटं नव्हतं. बाळंतपणाच्या एकोणिसाव्या दिवशी नवऱ्यानं, खामसिंगनं, ओढ्यातला मासा भाजून आणला होता. एकोणीस दिवस नुसता मीठ-भात खाल्लेल्या पोटाला तो वास सोसेना. भिंतीकडे तोंड करून तिनं शेपटीकडचा बोटभर तुकडा तोंडात टाकला. आईला हातांच्या वासावरून कळलंच, पण तेव्हा ती काही बोलली नाही. बोलली ती दोन महिन्यांनी, मूल पुरून परतल्यावर, खांबांवरच्या घराच्या जिन्याखाली पाय धुताना. "तो मासा," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

नाफू गावात बाळंतिणीचं पथ्य म्हणजे काय, ते जिनं काढलं तिलाच ठाऊक. चुलीशेजारी बांबूची खाट, खाटेखाली निखारे, वर जीभ पोळेल असा मुळ्यांचा काढा. खायला चिकट भात, भाजलेलं मीठ आणि फार तर आल्याचा तुकडा. मासा नाही, अंडं नाही, पाल्याचं पान नाही, फळाचं तर नाव काढायचं नाही. कुणी पंधरा दिवस काढतं, कुणी महिना. जी मोडेल तिचं रक्त नासतं, दूध नासतं आणि पोर जातं, असं सगळ्या बायका सांगतात, आणि ओनसी सगळ्यात जास्त सांगायची.

ओनसी म्हणजे बुआवानची आई. तिला पाच मुलं झाली आणि दोन पोरी जगल्या, थोरली बुआवान आणि धाकटी सोय. मधली तिघं दोन-तीन महिन्यांची होऊन गेली. त्या तिघांची कारणं म्हातारीला पाठ होती. एकाच्या वेळी तिनं पेरू खाल्ला होता. दुसऱ्याच्या वेळी निखारे पहाटे विझले होते. तिसऱ्याच्या वेळी सासरच्या कुणीतरी पांढऱ्या म्हशीचं मांस शिजवलं आणि वाफ खाटेपर्यंत आली. कारण सापडलं की दुःखाला निदान बसायला जागा होते, आणि ओनसीनं प्रत्येकाला जागा करून दिली होती.

बुआवानला पुन्हा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात नर्सबाई मोटारसायकलवरून गावात आली. मणिवोन तिचं नाव, तिशीची, बोलायला फटकळ. तिनं देवळाच्या मांडवात चित्रं टांगली आणि बायकांना बसवून सांगितलं की सहा महिने मुलाला फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, चावलेला भात तर मुळीच नाही. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. या बाईला स्वतःचं पोर नाही आणि आम्हाला शिकवायला आली, असंही कुणी पुटपुटलं. बुआवान तेवढी हसली नाही. तिनं एक-एक शब्द मनात धरून घरी नेला.

आईला सांगितलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं म्हातारीनं. नुसत्या दुधावर पोर जगतं होय? पाण्यासारखं पातळ ते, त्यानं आतडं कसं धरायचं? मी तुला भात चावून भरवला म्हणून आज ही जीभ चालतेय तुझी. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी भात उपसताना बुआवाननं आईपुढे सौदा ठेवला.

"तू पोराला भात भरवायचा नाहीस," ती म्हणाली. "आणि मी पथ्य मोडणार नाही. तू म्हणशील तसं, तू म्हणशील तितकं."

ओनसीनं पोरीकडे बघितलं. "महिना," ती म्हणाली.

"महिना नाही. पोर उठून बसेल तोवर."

इतकं तर गावात कुणीच काढलं नव्हतं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पोरीला अक्कल आली एकदाची. आणि बुआवानला वाटलं, आता कुठलंच दार उघडं राहिलं नाही, ना आईचं, ना नर्सबाईचं. आता मरण येईलच कुठून?

थंडीत मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत. तुई म्हणायला लागले तिला, म्हणजे लठ्ठी. ओनसीनं दिलेला शब्द पाळला, हे तिचं मानायलाच हवं. पोर रडली की म्हातारीचे हात भाताच्या टोपलीकडे जायचे आणि तिथूनच परत फिरायचे. ती बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडायची, पण एक शीतसुद्धा नातीच्या ओठाला तिनं लावलं नाही. बुआवाननंही आपला शब्द पाळला. दिवसातून चार वेळा मूठ-मूठ भात मिठाला लावून खायचा, वर काढा प्यायचा, पाठ शेकायची आणि पोरीला घ्यायचं. शेतावर तिच्या वाटचं काम खामसिंग करायचा. शेजारणी खालून जाताना विचारायच्या, राणीसाहेब अजून शेकतायत का, की आता पोरीच्या लग्नालाच उठणार? बुआवान हसायची. पोरगी अंगावर पीत असायची, आणि हसायला तिला दुसरं कारण लागत नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. ओनसीनं स्वतःहून कोंबडी मारली, खरपूस भाजली आणि मांडीचा तुकडा पोरीपुढे ठेवला. म्हणाली, पुष्कळ झालं, आता थोडं चालतं, मीच सांगते. बुआवाननं पान मागे सरकवलं. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण डोळ्यांपुढे तो शेपटीचा तुकडा आला. ती म्हणाली, एकदा जिभेचे लाड केले ते पुरे झाले. म्हातारीनं मग तो तुकडा सोयला दिला. सोय तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती, तिनं मिटक्या मारत खाल्ला.

त्या दिवसांत बुआवानच्या पायांना मुंग्या यायच्या. जिना चढताना गुडघे लटपटायचे, कधी हातात भांडं धरलंय की नाही ते कळायचं नाही. शेकानं अंग सैल पडतं, असं आई म्हणाली. तिलाही ते पटलं.

तुई दीड महिन्याची झाली तेव्हा नर्सबाई वजनाचा काटा घेऊन आली. तुईला झोळीत टाकलं तर काटा असा खाली गेला की बायका पुढे सरसावल्या. नर्सबाईनं विचारलं, काय देतेस हिला? बुआवान म्हणाली, फक्त दूध, पाणीसुद्धा नाही. शेजारणींनी माना डोलावल्या, खरं बोलतेय. तू स्वतः नीट जेवतेस ना, असंही नर्सबाईनं विचारलं. "हो बाई, चार वेळा, पोटभर," बुआवान म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नर्सबाईच्या मागे अजून वीस पोरं रांगेत होती. तिनं तुईला उचलून सगळ्यांना दाखवलं. बघा, ही खरी आई, असं पोर हवं असेल तर हिच्यासारखं करा. सोय पहिल्याच रांगेत बसली होती. संध्याकाळी ती बुआवानला म्हणाली, ताई, मी पण अगदी तुझ्यासारखंच करणार.

आयुष्यात कुणी बुआवानला चारचौघांत शाबास म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. तो दिवस तिनं मनात किती वेळा काढून बघितला असेल, याची गणती नाही.

तुईला अडीच महिने होत आले आणि एके दिवशी ती सकाळी अंगावर प्यायली नाही. तोंडात घेतलं, दोनदा ओढलं आणि ओकली. दुपारी पुन्हा तेच झालं. मग ती रडायला लागली, आणि रडता-रडता तिचा आवाज घोगरा झाला, मग चिरका, मग नुसता श्वास. तोंड उघडलेलं, कपाळ लाल, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज काही नाही. खोलीत सगळं जागच्या जागी होतं आणि पोर मुकी रडत होती.

हे रडणं बुआवाननं आधी बघितलं होतं. थोरला असाच रडला होता, अगदी असाच, शेवटचे दोन दिवस.

आईनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पण तिला करायचं काय ते ठाऊक होतं. जीव भ्यालाय, बाहेर कुठेतरी हिंडतोय, त्याला बोलावून बांधायला हवं. गावातल्या म्हाताऱ्या जमल्या, भाताचा गोळा आणि अंडं ठेवलं, पांढरे दोरे आणले. एकेकीनं तुईच्या मनगटाला दोरा बांधला आणि जिवाला हाक मारली, ये रे बाबा, शेतात नको राहूस, ओढ्यात नको राहूस, आईपाशी ये. बुआवानही हाक मारत होती. दोऱ्यांनी मनगट झाकून गेलं तेव्हा दिवस मावळला होता. आता रस्त्यानं कोण जाणार, सकाळी बघू, असं ठरलं. ती रात्र कशी गेली ते विचारू नये.

उजाडता-उजाडता खामसिंगनं नांगरटीचा हातट्रॅक्टर गाडीला जोडला. दोन तासांचा रस्ता. बुआवान मागे फळीवर बसली, पोरीला उराशी धरून. तुईच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळे दिसत होते. पाय सुजले होते. बुआवान खामसिंगच्या पाठीकडे बघत एकच गोष्ट घोकत होती, मी काही मोडलं नाही. मी दोघींचं ऐकलं. तिला खरोखर वाटत होतं की हे सांगितलं की कुणीतरी ऐकून घेईल आणि झालेली चूक दुरुस्त करील.

दवाखान्यात नर्सबाई एकटीच होती. तिनं पोरीला हातात घेतलं, छातीला नळी लावली, सुजलेला पाय बोटानं दाबला आणि चटकन वर बघितलं.

"तू काय खातेस?"

हा प्रश्न बुआवानला असा कुणी विचारलाच नव्हता. पोरीला काय देतेस, नीट जेवतेस ना, एवढंच विचारलं होतं. "भात," ती म्हणाली.

"भाताबरोबर?"

"मीठ."

"आणखी?"

"गरम पाणी. काढा." मग तिला वाटलं हीच वेळ आहे, आणि ती घाईघाईनं सांगू लागली. "जन्मल्यापासून, बाई. मासा नाही, अंडं नाही, पाला नाही. एकदाही मोडलं नाही. आईनं कोंबडी दिली तीसुद्धा घेतली नाही."

ती हे अभिमानानं सांगत होती. नर्सबाईच्या शाबासकीची वाट बघत होती.

नर्सबाईनं शाबासकी दिली नाही. तिनं धावत जाऊन कपाट उघडलं, काचेची कुपी फोडली, सुईत औषध ओढलं. सुई बरोबर बसली. ती म्हणत होती, हे लागू पडतं, तासाभरात पोर पाय झाडायला लागतं, मी बघितलंय, मी स्वतः बघितलंय. तासभर मिळाला असता तर कदाचित तिनं म्हटलं तसं झालंही असतं. तुईनं आणखी एकदा तोंड उघडलं, तिच्या त्या मुक्या रडण्यासाठी, आणि ते मिटलंच नाही.

मग नर्सबाई जमिनीवरच बसली, बुआवानच्या शेजारी, आणि तिनं सगळं सांगितलं. तांदूळ रात्रभर भिजवून पाणी ओतून देता, त्या पाण्याबरोबर त्यातला जोर जातो. वर खायला नुसतं मीठ. आईच्या अंगातच जी गोष्ट नाही ती दुधात कुठून उतरणार? दूध भरपूर होतं, पोर पोटभर प्यायची, अंग धरायची, आणि आतून तिचं काळीज उपाशी होतं. थोरल्याचंही हेच झालं असणार. त्याच्या भातानं नाही, तुझ्या माशानंही नाही. आणखी मासे खाल्ले असतेस तर दोघंही आज असती.

बुआवान ऐकत होती. "म्हणजे मी पथ्य पाळलं म्हणून," ती म्हणाली.

"काय खातेस ते मी तुला विचारायला हवं होतं," नर्सबाई म्हणाली. "वजनाच्या दिवशीच विचारायला हवं होतं. माझं चुकलं." ती रडत होती. पण दोष वाटून घेणारी आणखी एक मिळाली म्हणून मांडीवरचं ओझं काही हलकं होत नसतं.

निघताना तिनं गोळ्यांचं पुडकं दिलं. या तू खा आणि बहिणीलाही दे, तिचे दिवस भरत आलेत. डुकराचं मांस, मूग, मासे, जे मिळेल ते तिला खायला घाल. बुआवाननं पुडकं घेतलं. हातट्रॅक्टरवर परतताना तिची छाती भरून आली आणि पोलकं भिजलं.

गावात तर निकाल तयारच होता. बुआवान पोरीला पुरून यायच्या आधीच बायकांनी ठरवून टाकलं की तिनं पुन्हा चोरून काहीतरी खाल्लं असणार. एकदा खाणारी दुसऱ्यांदा खाणार नाही कशावरून? मोठी मी-मी म्हणत होती, बसेल तोवर पथ्य काढते म्हणून. नर्सबाई आठवड्यानं मुद्दाम आली, मांडवात घसा कोरडा करून बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या, ओनसीनंही डोलावली. खाईल हो, सोय सगळं खाईल, असं म्हणाली. नर्सबाई गेली आणि मान जागच्या जागी आली.

तीन आठवड्यांनी सोय बाळंत झाली. मुलगा झाला, चांगला दणदणीत. पाचव्या दिवशी सकाळी बुआवान केळीच्या पानात वाफवलेलं डुकराचं मांस आणि गोळ्यांचं पुडकं घेऊन आईच्या घरी गेली. घर शेजारीच, पन्नास पावलांवर. ओनसी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. ती बाजूला सरकली नाही.

"मला जाऊ दे, आई."

"काय आहे पानात?"

बुआवाननं सांगितलं. मग म्हणाली, "मी एकदाही मोडलं नव्हतं. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुला तरी माहीत आहे. रोजचा भात तूच वाढत होतीस."

ओनसीनं खाली अंगणात बघितलं, इकडे-तिकडे कुणी नव्हतं. "माहीत आहे," ती हळूच म्हणाली.

"मग?"

म्हातारी बोलली तेव्हा तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "त्या बाईचं खरं मानलं तर तुझी दोन मी मारली. आणि माझी तिघं. तिघांनाही मी निखाऱ्यावर बसून, जिभेला चटके देऊन, एक-एक दिवस मोजून मारलं. इतकं डोक्यावर घेऊन मी या घरात वावरू कशी? तू खाल्लं होतंस असं म्हणू दे मला. तुझं काय जातंय त्यात?"

आईच्या अंगावर धावून जावं असं बुआवानला वाटलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. आईच्या खांद्याजवळून पाय टाकून ती आत गेली. म्हातारीनं अडवलं नाही.

सोय खाटेवर होती. तोंड घामानं निथळलेलं, खाली निखारे, पोर पदराखाली. बुआवान खाली बसली, पान उघडलं आणि जे नर्सबाईनं सांगितलं ते सगळं सांगितलं. तांदळाचं पाणी, दुधातला जोर, तुईचं मुकं रडणं. सोय ऐकत होती, डोळे मोठे करून. तिला भूक लागली होती, हे दिसत होतं. तिची नजर पानावरून हलत नव्हती.

"खा," बुआवान म्हणाली. "माझ्यासाठी खा."

सोयनं दाराकडे बघितलं. दारात आई येऊन उभी होती. मग तिनं बहिणीकडे बघितलं.

"ताई, तुझी दोन्ही गेली," ती म्हणाली. "राग मानू नकोस. पण मी तुझं कसं ऐकू? आईच्या दोघी तरी जगल्या."

खरंच होतं ते. बुआवाननं पान मिटलं नाही, तिथेच ठेवलं. मग पोर कुरकुरलं, आणि आवाज कानावर पडताच तिची छाती घट्ट झाली, दूध उतरलं. अजून आटलं नव्हतं. आणि आता ते चांगलं होतं. चार आठवडे ती गोळ्या खात होती, मासे खात होती, मूग खात होती, जे दोन मुलांच्या वेळी खायला हवं होतं ते सगळं आत्ता खात होती. तिनं ओलं झालेलं पोलकं हातानं दाबून धरलं आणि म्हणाली, तू खाऊ नकोस हवं तर. पण दिवसातून दोनदा मला दे त्याला. मी पाजते. त्याला काही होणार नाही.

सोयनं पोराला उचललं आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीकडे, बहिणीच्या हाताला लागणार नाही असं निजवलं. ओनसी आत आली. तिनं केळीचं पान दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं, टोपलीतून भाताची मूठ काढली, मिठाला लावली आणि सोयच्या हातावर ठेवली. सोय खायला लागली.